अक्का, झाडावर मी चढले होते

अक्का, काल तुझं बारावं झालं. पानं उठली, बायका भांडी घेऊन विहिरीकडं गेल्या, बाप्ये खळ्यावर जाऊन पान खात बसले, आणि पोरांनी मला ओसरीवर घेरलं. तुझा थोरला नातू सगळ्यांच्या पुढं. म्हणाला, "धाकटी आजी, माकडआजीची गोष्ट सांग की. आता तूच सांगायची. तू हुतीस न्हवं तिथं?"

मी होते. तीच तर पंचाईत.

बारा दिवस मी रडले, पाहुण्यांना चहापाणी केलं, तुझी लुगडी वाटली, पण भ्याले ती काल. ती गोष्ट तुझ्यासारखी सांगायची तर खोटं बोलायला हवं. खरी सांगायची तर माझी या घरातली तीस वर्षं उघडी पडतात. खरं काय झालं ते तुला आणि मला ठाऊक होतं. आता मला एकटीलाच ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या माणसांत, मला एकदम रानात एकटी सोडल्यासारखं वाटलं.

म्हणून आधी ह्या वहीत तुला सांगते. कुठं चुकलं तर टोक. टोकणार नाहीस, म्हणूनच जास्त भीती वाटते.

त्या वर्षीची मी आठवते का तुला? अठराची घोडी. लग्नाला सव्वा वर्ष झालेलं. खानापूरकडच्या शाळेत चार बुकं शिकलेली, आणि त्या चार बुकांचं ओझं तुमच्या अख्ख्या घराच्या डोक्यावर ठेवलेलं. पृथ्वी कशी गोल, आगबोट कशी चालते, दर्या केवढा, सगळं मला पाठ. चुलीचा धूर डोळ्यात का जातो हे मी समजावून सांगायची आणि फुंकणी तू मारायचीस. आज ती पोरगी माझी सून होऊन आली असती तर तिसऱ्या दिवशी मी तिला गोठ्यात नेऊन दाव्याला बांधली असती.

सासूबाईंच्या मनात त्याहून पुढचं होतं. दरवर्षी वैशाखात दादा, म्हणजे तुझे घरधनी, मध, शिकेकाई आणि वेताच्या टोपल्या घेऊन अणशीचा घाट उतरायचे. कद्र्याला पडाव म्हणतात त्या मोठ्या होडीत बसायचे. काळी नदी जिथं दर्याला मिळते तिथं, सदाशिवगडाच्या पायथ्याच्या कोळ्यांच्या गावात जाऊन पावसाळ्याचं मीठ आणि सुकी मासळी आणायचे. घरातली बाई कधी त्या वाटेनं गेली नव्हती. त्या वर्षी मी हट्ट धरला. दोन दिवस तोंड फुगवून बसले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे हिला. दर्या बघून तरी तोंड मिटतंय का बघू." आणि मग सगळ्यांच्या देखत, डोळे माझ्यावर रोखून: "पण ऐक. थोरलीला ह्या पोरीपायी काय बी झालं, न्हाईतर एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर हिला खानापूरला पोचवून येईन आणि धाकट्याला दुसरी आणीन. माझ्या नजरंत एक हाय बी."

ती कोण हेही त्यांनी सांगितलं. कुळगीकडची होती. गरीब, मुकी मुकी, नाकीडोळी बरी. मी वरवर हसून साजरं केलं. तू माझ्याबरोबर जायचं ठरलं. माझ्यावर पहारा म्हणून. तेव्हा मी तुला "अहो अक्का" म्हणायची आणि तू माझं नाव न घेता "अगं ए, बुकं शिकलेली" म्हणायचीस.

कद्र्यापर्यंत मी बोलत होते. पडावात बसल्यावरही बोलत होते. दुसऱ्या दिवशी नदीचं तोंड आलं, पलीकडं पाणीच पाणी दिसलं, त्याला काठच नाही, आणि मी गप्प झाले. गप्प झाले आणि तुझ्या पाठीमागं सरकले. तू मान वळवलीस. "का गं? बुकात एवढा न्हवता व्हय?"

गाव जुनं. वर टेकडीवर किल्ला, पडक्या बुरुजांवर झाडं उगवलेली. खाली एके काळी राजांची गलबतं लागायची म्हणे. आता वाळत घातलेल्या जाळ्यांखाली मांजरं झोपली होती. किल्ला कुणी बांधला हे मला ठाऊक नव्हतं, तरी मी तुला तीन राजांची नावं सांगितली. तू तिन्ही मुकाट्यानं ऐकून घेतलीस. गावाच्या तिन्ही अंगांना, खाडीच्या कडेनं, कांदळाची दाट झाडी. लांबून बघितलं तर आपल्याच रानासारखी हिरवीगार. खाली मात्र मातीच दिसेना. झाडं आपापल्या मुळांवर अशी उभी, जशी काही चिखलाला शिवायचं नाही म्हणून लुगडं वर धरून उभ्या राहिलेल्या बायका.

दादा ज्या रुक्माबाईकडं मीठमासळी घ्यायचे तिच्याच घरी आपण उतरलो. विधवा बाई, आवाज मोठा, हात त्याहून मोठा. एक अख्खा बांगडा तुझ्या पानात टाकला, एक माझ्या. तू हळूच म्हणालीस, "सकाळी हिला मोळी आणून टाकायला पायजे." आपल्याकडची रीत तीच ना. पाहुणी बाई रात्र राहिली, की सकाळी रानात जायचं, वाळक्या लाकडाची एक मोळी आणून घरवालीच्या चुलीपाशी टाकायची. फुकटचं खाल्लं असं कुणी म्हणू नये. रुक्माबाई नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या जाळत होती हे आपण दोघींनी बघितलं होतं. तरी आपल्याला वाटलं, बिचारीला लाकूड मिळत नसेल. समोर एवढी झाडी आणि ही करवंट्या जाळते!

सकाळी रुक्माबाई सुकत घातलेली मासळी उलथायला वाळूवर गेली. दादा मिठाच्या मागं गेले. तू घराच्या मागच्या भिंतीला लटकलेला कोयता घेतलास, मी दोरी घेतली, आणि आपण दोघी कांदळात शिरलो. कुणाला सांगितलं नाही. मोळी आणायला जाताना कुणाला सांगायचं असतं का?

चिखल घट्ट होता तेव्हा. वर बारीक बारीक मुळं उभी, चिखलातून बोटं काढून कुणी श्वास घेतंय असं वाटावं. एक मासा चिखलावर चालत होता. शपथ घेऊन सांगते, चालत होता, पोटावर सरकत, आणि आपल्याकडं बघत होता. मी किंचाळले. तू म्हणालीस, "चल, त्याला बी त्याची कामं हाईत." चिखलातून सारखा टकटक आवाज येत होता, कुणी जीभ टाळूला लावून चुटकारे मारावेत तसा. मुळांवर कालवांची शिंपलं, पायाला सुऱ्यांसारखी लागत होती. वाळकं लाकूड कमी, तरी तू रानातली बाई. शोधत शोधत, प्रत्येक वळणाला एका झाडावर कोयत्याची खूण करत, मोळी बांधलीस. आणि मागं वळलो तर सगळी झाडं एकसारखी.

मी आधी हसले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आता माझं शहाणपण दाखवायची वेळ आली. सव्वा वर्षात तुमच्या रानातलं मी एकच शिकले होते, तेही तुझ्याकडून: चुकलं माणूस, तर ओढा शोधायचा आणि पाणी जिकडं जातं तिकडं चालत राहायचं. ओढा नदीला जातो, नदीवर गाव असतं. एका वळणावर चिखलातून पाण्याची बोटभर धार सरसरत चालली होती. मी म्हटलं, "हे बघा अक्का, पाणी. ह्याच्या मागं जाऊ."

तू वाकून पाण्यात बोट घातलंस. चाखलंस. तोंड वाकडं केलंस. "खारट हाय गं. ओढा खारट कसा?"

"दर्याजवळचा ओढा खारटच असणार," मी म्हटलं. "पाणी वरून खाली जातं. बुकात बी हाय."

तू मोळी डोक्यावर सावरलीस. अक्का, तिथं तू मला एक थोबाडीत मारायला हवी होतीस.

आपण पाण्यामागं चाललो. ते पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. मी म्हटलं, बघा, ओढा मोठा होत चालला, म्हणजे नदी जवळ आली. झाडी मात्र दाट होत गेली. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा तू थांबलीस. एका झाडाकडं बोट दाखवलंस. तुझ्या कोयत्याची खूण होती, ताजी, पांढरी. कमरेच्या उंचीला केलेली खूण, आणि पाणी तिच्यापासून दोन वितींवर. "हिथं आपण सकाळी आल्तो," तू म्हणालीस. "तवा हिथं पाणी न्हवतं."

तेव्हा मला कळलं. ती नदी परत येत होती, अक्का. आपण ज्या पाण्याच्या मागं जात होतो ते दर्याकडं चाललेलंच नव्हतं, दर्याकडून येत होतं. मी आपल्याला गावाकडं नाही, गावाच्या उलट, आत आत नेत होते. आपल्या डोंगरात काळी नदी जन्मात कधी मागं फिरली नव्हती. पावसाळ्यात ती गुरं नेते, माणसं नेते, पण पुढं नेते. मागं फिरणारं पाणी बघून मला असं वाटलं, की आता काहीही मागं फिरू शकतं. मेलेली माणसंसुद्धा.

मी ओरडायला सुरुवात केली. तू म्हणालीस, "वरडू नगं, हात धर." मी धरला. दोन पावलं गेलो आणि तुझा एक पाय गेला. गुडघ्यापर्यंत नाही, मांडीपर्यंत. तू दुसरा पाय उचलायला गेलीस तर तोही रुतला. पाणी तुझ्या कमरेच्या वर आलं. तू मला म्हणालीस, "वढ."

मी ओढलं. एकदा ओढलं. आणि त्याच वेळी तुझ्या खांद्यामागं पाण्यात काहीतरी हललं. काळं, लांब, पाणी कापत येणारं.

सुसर.

आपल्या गावाजवळच्या सुप्याच्या डोहातल्या सुसरींच्या गोष्टी ऐकून मी सव्वा वर्ष पाणी भरायला तुझ्या मागं मागं जायची. मी हात सोडला. निसटला नाही, अक्का. मी स्वतःला नेहमी सांगत आले, चिखलानं हात बुळबुळीत झाला, निसटला. मी सोडला. बोटं उघडली. जवळचं झाड धरलं आणि चढले. शिंपल्यांनी पाय फाटत होते ते मला कळलंच नाही. जेवढं उंच जाता आलं तेवढी गेले, खोडाला मिठी मारली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

तू माझ्या नावानं हाक मारलीस. सव्वा वर्षात पहिल्यांदा नावानं. "राधा." मग थांबून, पुन्हा, "राधा, बघ की गं हिकडं."

मी बघितलं नाही.

किती वेळ? आधणात टाकलेला तांदूळ शिजेल एवढा तरी. खालून छपछप आवाज येत होता, तुझा श्वास ऐकू येत होता, एकदा तू काहीतरी पुटपुटलीस, देवाचं नाव होतं की मला शिवी होती ते कळलं नाही. मी डोळे उघडले नाहीत. मनात एकच चाललं होतं, तेही सांगून टाकते: तिला नेलं तर मला सोडेल. तुला, अक्का. तुला नेलं तर मला सोडेल.

मग झाड हललं. माझ्या पायाला काहीतरी लागलं आणि मी किंचाळले. खालून तुझा आवाज आला. दमलेला, पण आपल्या चुलीपाशी पाटावर बसायला जागा मागतेस तसाच.

"सरक की जरा."

मी डोळे उघडले. तू छातीपर्यंत चिखलानं माखलेली, केसात चिखल, एका हातात कोयता अजून तसाच. मोळी पाण्यावर आडवी टाकून, तिच्यावर पोट टेकून, एकेक पाय सोडवून घेतला होतास. आपल्याकडं चिखलणीत रुतलेलं रेडकू फळीवर घेतात, तसं तू स्वतःला काढलंस. मी सरकले. तू माझ्याशेजारी फांदीवर बसलीस. खाली पाणी वर चढत होतं आणि ते काळं, लांब जनावर आपल्या झाडाखालून गेलं, मिशा होत्या त्याला, तोंडात मासा होता. पाणमांजर. मी तुला एका पाणमांजराच्या भीतीनं सोडलं होतं.

मी रडत म्हटलं, "अक्का, तू मेली असतीस." तेव्हा पहिल्यांदा तुला 'तू' म्हटलं. आजवर तेच राहिलं.

तू म्हणालीस, "आता रड थांबीव. फांदी हलतीया."

रुक्माबाईचा कोयता जागेवर नव्हता म्हणून आपण सापडलो, नाहीतर आज ही वही कोण लिहीत होतं? तिनं भिंतीवरची रिकामी खुंटी बघितली, पाहुण्या कुठं गेल्या ते ओळखलं आणि होडी काढली. लांबून तिच्या शिव्या ऐकू आल्या आणि मला त्या भजनासारख्या वाटल्या. "भरतीच्या वक्तार कांदळांत कोण वता गो? पिशीं मगे तुमी?" भरतीच्या वेळी इथं कोण येतं, वेड्या की काय तुम्ही, असं म्हणत होती. झाडाखाली येऊन तिनं वर बघितलं आणि एवढी हसली की होडी डुलायला लागली. "लाकडां? माझ्या चुलीक? अगो बायांनो!"

काठावर दादा उभे होते. चेहरा पांढरा. मी होडीतून उतरले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं: सासूबाई, खानापूरची वाट, आणि ती कुळगीकडची मुकी पोरगी. दादांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, देव जाणे. बहुतेक खोटंच.

तू माझ्या आधी बोललीस.

"माझंच चुकलं. पाण्याच्या मागं मीच नेलं हिला. आन मग सुसर समजून भ्याले, हिचा हात टाकला आन माकडागत झाडावर चढले. ही बिचारी खाली उभी. हिनंच मला धीर दिला."

दादांनी तुझ्याकडं बघितलं. तुझं अंग छातीपर्यंत चिखलात. माझ्याकडं बघितलं. मी कमरेच्या वर कोरडी. ते आंधळे नव्हते, अक्का. पण ते "बरं" म्हणाले आणि मिठाची पोती मोजायला गेले. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

आणि मग तू ती गोष्ट घरात सांगितलीस. सासूबाईंना पहिल्यांदा. त्या पोट धरून हसल्या, "थोरले, तू? झाडावर?" मग शेजारी. मग दरवर्षी मळणी झाली की ओसरीवर. ओसरीचा खांब म्हणजे कांदळाचं झाड. तू लुगडं खोचून खांबाला मिठी मारायचीस, डोळे मिटून "सुसर! सुसर!" ओरडायचीस, आणि वर माझा आवाज काढून म्हणायचीस, "भिऊ नका अक्का, मी हाय!" लोक हसून लोळायचे. मीही हसायचे. पहिल्या वर्षी लाजत, मग सवयीनं, मग, खरं सांगू, कधीकधी मला वाटायचं की तसंच झालं असावं. पोरं तुला माकडआजी म्हणायला लागली. नातवंडांनीच नाव ठेवलं, माझ्या देखत. मी त्यांना एकदाही गप्प बसवलं नाही.

तीस वर्षं तू माझी भीती अंगावर घालून हिंडलीस, एखाद्यानं दुसऱ्याचा फाटका सदरा घालावा तशी. मी मात्र धीराची बाई म्हणून मिरवले. गावात बाळंतपण अडलं की राधाबाईला बोलवा, ती भीत नाही. साप निघाला, राधाबाईला बोलवा. आणि मी जायची, दातावर दात दाबून, कारण तू मला तसं करून ठेवलं होतंस.

विचारायचा प्रयत्न मी केला. सासूबाई गेल्या त्या वर्षी. आपण दोघी नाचणी निवडत होतो. मी म्हटलं, "अक्का, तू त्या दिवशी उलटं का सांगितलंस?" तू वर बघितलं नाहीस. म्हणालीस, "पाणी उलटं गेलं, मग मी बी गेले." पुढं विचारलं तर म्हणालीस, "भात लागायला लागलाय, वास येतोय, बघ जा." भात लागला नव्हता. मी बघायला गेले.

आपलं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून चाललं, आठवतं? मी म्हणायची, चंद्रामुळं भरती येते, पाणी मागं फिरतं. तू म्हणायचीस, "चंद्राला आमच्या नदीचं काय पडलंय? ती नदी खोटी हुती. आमचा नियम खरा हाय." गेल्या दसऱ्यालासुद्धा भांडलो. तू म्हणालीस, "तुज्या चंद्राला सांग, सुप्याला येऊन पाणी मागं फिरवून दाखीव म्हणावं." त्याचं उत्तर आता सुचलंय. पण ऐकायला कोण आहे?

आता जे सांगायचं आहे ते मी काल कुणालाच सांगितलं नाही. पोरांनाही नाही.

काल पोरांना कांदळातली गोष्ट मात्र मी खरी सांगितली. म्हटलं, झाडावर मी चढले होते. हात मी सोडला. तुमची आजी रुतली होती, मी डोळे मिटून घेतले. सांगताना वाटलं, आता हे माझ्याकडं कसे बघतील? तुझा नातू हसायला लागला. "धाकटी आजी, तू उलटं सांगतीस! माकडआजी चढली हुती." एकीनं उठून खांबाला मिठी मारली आणि तुझ्यासारखंच ओरडून दाखवलं. दुसरी म्हणाली, "आजी रडतीया, थोरल्या आजीची आठवण येतीया, म्हणून सगळं सोत्यावर घेतीया." बायका विहिरीवरून आल्या, त्यांनीही ऐकलं, आणि त्यांचे डोळे भरले. कुणाचाच विश्वास बसला नाही. माझ्या चांगुलपणाचं कौतुक झालं, अक्का! तू गोष्ट एवढी घट्ट बांधून ठेवलीस की मला ती सोडवता येईना.

आणि सगळे गेल्यावर तुझी सून माझ्यापाशी आली. शेवंता. ती हसली नव्हती. मी कुणालाच सांगितलं नाही ते हे: तुझ्या शेवटच्या दिवशी घरात तुझ्यापाशी मी आणि शेवंता दोघीच होतो, बाकी सगळे कापणीला. भर दुपार. तू माझा हात धरला होतास, तुझ्या घशात घरघर लागली होती, आणि मी म्हटलं, "पेज बघून येते." पेज कधीची झाली होती. मी हात सोडवून घेतला. बोटं उघडली. चुलीपाशी जाऊन बसले आणि विस्तवाकडं बघत राहिले, आतून आवाज येत होता तोवर, आणि आवाज थांबला तरी. शेवंतानं येऊन सांगितलं तेव्हा मी मोठ्यानं रडले. त्या दिवसापासून तुझ्या खोलीचा उंबरा मी ओलांडलेला नाही. लुगडी शेवंतानंच बाहेर आणून दिली.

शेवंता काल म्हणाली, "काकी, एक सांगू? त्या दिवशी तुमी आत न्हाई म्हणून मी तुमाला हाक मारायला उठले हुते. आत्तींनी माझा पदर धरला. बोलता येत न्हवतं, तरी बोलल्या. म्हणाल्या, 'तिला बलवू नगं. राधी भित्री हाय. बसू दे तिकडं.'"

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"काय न्हाई. हसल्या थोडं."

म्हणजे सांगितलंस तर. तीस वर्षांत एकदा, एका माणसाला, आणि तेही मला आत बोलवू नये म्हणून. मला वाटत होतं, खरं ठाऊक असणारी मी एकटीच उरले. तू शेवंताला ठेवून गेलीस. आणि ती माझ्या पायाला हात लावून भांडी लावायला गेली.

आज सकाळी सगळे खळ्यावर गेले. मी उठले, ही वही घेतली, आणि तुझ्या खोलीचं दार लोटलं. दार लोटायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस, हसशील. कोपऱ्यात तुझी गुंडाळलेली चटई आहे. खिडकीतून ऊन येतंय. मघाशी छपराचा वासा कुरकुरला आणि मी दाराकडं बघितलं. तू शेवटी जिथं पडली होतीस तिथंच, भिंतीला टेकून बसले आहे. भीती वाटते आहे, अक्का. पण अजून उठलेली नाही.